सोयरीक जुळवताना पक्ष विचारायचा का? अमेरिका, तिथली माध्यमं आणि युरोप

बटाटेपोहे

मागच्या शनिवारी मंडळाच्या कोजागिरीला एक जुनी मैत्रीण भेटली. मुलीसाठी स्थळं बघते आहे. मसाला दूध ओतता ओतता म्हणाली, "आमच्या वेळी आई पत्रिका बघायची, पोटजात बघायची, झालंच तर गावाकडचं शेतबीत. हिला त्यातलं काही नको. हिचा पहिला प्रश्न, मुलगा ट्रम्पवाला नाही ना?" शेजारच्या खुर्चीत एक काका बसले होते. त्यांचा मुलगा नेमका ट्रम्पवाला आणि नेमका लग्नाचा. काकांनी पेला उचलला आणि भेंड्या चालल्या होत्या तिकडे जाऊन बसले.

गाडीत आम्ही दोघं खूप हसलो, पण विषय डोक्यातून जाईना. स्टॅनफर्डचे शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ सालचा एक निबंध आठवला. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का, असं १९६० साली अमेरिकनांना विचारलं होतं. रिपब्लिकनांपैकी ५ टक्के आणि डेमोक्रॅटांपैकी ४ टक्के लोक 'हो' म्हणाले. २०१० साली तशाच प्रश्नाला 'हो' म्हणणारे झाले ४९ आणि ३३ टक्के. म्हणजे ट्रम्प रिंगणात उतरायच्या आधीच ही वेळ आली होती. याच्या शेजारी गॅलप या सर्वेक्षण संस्थेचा आकडा ठेवा. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १९५८ साली फक्त ४ टक्के लोकांची पसंती होती, २०२१ साली ९४ टक्के. एक भिंत पाडली आणि त्याच विटांची दुसरी बांधली की काय?

मी फिलाडेल्फियाच्या उत्तरेला बक्स काउंटीत राहतो. इथे पारडं कुठेही झुकू शकतं. २०२४ साली ट्रम्प अगदी थोडक्या मतांनी इथे पुढे गेले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार बक्समध्ये पुढे राहण्याची १९८८ नंतरची ही पहिली वेळ. त्यामुळे ऑक्टोबरात टीव्ही लावायची सोय नव्हती. एक जाहिरात संपली की दुसरी, आणि प्रत्येकीच्या शेवटी किंवा सुरुवातीला उमेदवाराचं ते 'अँड आय अप्रूव्ह धिस मेसेज'. २००२ च्या कायद्याने ते म्हणावंच लागतं. आमची सहा वर्षांची लेक जेवताना गंभीर चेहरा करून सांगायला लागली, "आय अप्रूव्ह धिस वरण."

नागरिकत्व मिळाल्यावर मतदार नोंदणीचा फॉर्म भरला तेव्हा त्यात पक्षाचा रकाना पाहून मी चाटच पडलो होतो. भारतात मत कुणाला दिलं हे बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि इथे सरकारी कागदावर पक्ष लिहून द्यायचा! मी 'कुठलाच नाही'वर खूण केली. प्रचाराला दारात आलेल्या मुलीच्या फोनमध्ये आमच्या घराची अख्खी कुंडली होती. बायको डेमोक्रॅट, मी बिनपक्षाचा, कोण कुठल्या निवडणुकीला गेलं आणि कोण नाही. मी दार उघडलं तर ती म्हणाली, "तुमच्या मिसेस आहेत का?"

तर प्रश्न असा. हे लोक एकमेकांवर इतके का उखडले आहेत? टीव्हीने बिघडवलं म्हणावं, की आधीच बिघडलेल्यांना टीव्ही आवडला? आणि युरोपातल्या मंडळींनी सांगा, तुमच्याकडे हे किती आहे?

---

तिसरी_घंटा

पुण्यातून बोलतोय. आमच्याकडे ही सोय नाही. २०२२ आणि २०२३ नंतर इथे पक्षच दोन-दोन झाल्यामुळे कार्यकर्ता सकाळी उठून आधी बघतो, आपण कुठल्या गटात आहोत. सोयरीक कशाच्या जोरावर नाकारायची?

बाकी धागा पळणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

जुनाजाणता

मी न्यू जर्सीत १९७९ साली आलो. तेव्हा संध्याकाळच्या बातम्या म्हणजे तीन चॅनेल. तिन्हीकडे जवळपास तेच आणि तेवढ्याच वेळात. त्यांतल्या एकावर बातम्या देणारे वॉल्टर क्रॉन्काइट १९८१ साली निवृत्त झाले तेव्हा आमच्या गोदामातला फोरमन घरचं कुणी गेल्यासारखा दिवसभर गप्प होता. फोरमन रिपब्लिकन, त्याच्या हाताखालची सगळी युनियनवाली मंडळी डेमोक्रॅट. क्रॉन्काइट दोघांचे.

त्या काळी 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा नियम होता, १९४९ पासूनचा. सरकारी परवान्यावर लहरी वापरता ना, मग वादाच्या विषयाला वेळ द्या आणि दुसरी बाजूही ऐकवा, असा. १९८७ साली तो काढला. १९८८ साली रश लिम्बॉ या रिपब्लिकनांच्या बाजूने बोलणाऱ्या निवेदकाचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्याच फोरमनच्या डेस्कवर मग दुपारी बारा ते तीन तो आवाज. मी बाजूच्या टेबलावर डबा खात ऐकायचो. माणूस विनोदी होता, कबूल करतो. वर्षभरात फोरमनच्या बोलण्यात 'ते लोक' हा शब्द आला. आधी नव्हता.

पण सगळं खापर त्या नियमावर फोडतात ते चूक. तो नियम हवेतल्या लहरींपुरता होता, केबलला लागूच नव्हता. १९९६ साली जुलैत एमएसएनबीसी (पुढे डेमोक्रॅटांकडे झुकलेलं) आणि ऑक्टोबरात फॉक्स न्यूज (रिपब्लिकनांकडे झुकलेलं) सुरू झालं. नियम असता तरी ते आलंच असतं. खरी गोष्ट पैशाची आहे. तीन चॅनेलना सगळे गिऱ्हाईक हवे होते, म्हणून कुणाला दुखवायचं नाही. केबलवर शंभर चॅनेल झाल्यावर थोडेच पण चिकट गिऱ्हाईक पुरतात. कोपऱ्यावरचा वडेवाला आणि लग्नाचा केटरर यांच्या तिखटात जो फरक, तोच इथे.

---

मिठाचा_खडा

धाग्याची सुरुवातच 'ट्रम्पवाला' या शब्दाने झाली, म्हणजे निकाल आधी आणि चर्चा नंतर. मी डॅलसला असतो, तीनदा ट्रम्पना मत दिलंय, माझ्या अंगावर शिंगं नाहीत. २०१६ नंतर आमच्या इथल्या दोन मराठी घरांनी गणपतीला बोलावणं बंद केलं. मी कुणाला बंद केलं नाही. मग द्वेष कोण करतंय?

आणि फॉक्सचं भूत फार नाचवू नका. त्यांचे रात्रीचे कार्यक्रम बघणारे सरासरी पंचवीस-तीस लाख. देश तेहतीस-चौतीस कोटींचा. बाकीचे लोक फुटबॉल बघतात.

युरोपाचं कौतुक सुरू व्हायच्या आधीच सांगतो. हंगेरीत २०१८ साली चारशेहून जास्त वृत्तपत्रं, चॅनेल, संकेतस्थळं सरकारच्या मर्जीतल्या एका संस्थेच्या पदरात घातली गेली. रोमानियाच्या न्यायालयाने २०२४ साली अध्यक्षपदाची अर्धी झालेली निवडणूकच रद्द केली. आम्ही निदान मतं मोजतो.

---

जुनाजाणता

@मिठाचा_खडा, मतं मोजण्याचा विषय तुम्हीच काढलात म्हणून. २०२० च्या निकालाच्या रात्री ॲरिझोना बायडेन यांचं, असं सर्वांत आधी फॉक्सनेच जाहीर केलं. पुढच्या दिवसांत त्यांचा प्रेक्षक चिडून न्यूजमॅक्स या आणखी उजव्या चॅनेलकडे वळायला लागला. मग मतदान यंत्रांच्या घोटाळ्याच्या कहाण्या पडद्यावर आल्या. ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने खटला भरला आणि चॅनेलमधले आपसातले निरोप बाहेर पडले. पडद्यावरच्या मोठमोठ्या मंडळींचा त्या कहाण्यांवर स्वतःचा विश्वास नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून त्यांनी तडजोड केली.

मी यातून फॉक्स वाईट एवढंच घेत नाही. चॅनेल आपल्याच प्रेक्षकाला घाबरलेलं होतं, हे मला जास्त भयंकर वाटतं. मालक कुत्र्याला फिरवतोय की कुत्रा मालकाला, हे दोरीकडे बघून कळेना.

गणपतीचं वाचून मात्र वाईट वाटलं. न्यू जर्सीला आलात तर आमच्याकडे या. फक्त आरतीनंतर अर्धा तास टीव्ही बंद.

---

रेखांश

स्टुटगार्टहून. जर्मनीत नवीन घर घेऊन महापालिकेत पत्ता नोंदवला की आई-वडिलांच्या फोनच्या आधी एक पत्र येतं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरा, घरामागे महिना १८.३६ युरो. 'माझ्याकडे टीव्हीच नाही' हे मी पहिल्या वर्षी जर्मनमध्ये घोटून घोटून पाठ केलं आणि फोनवर म्हणून दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याने काही फरक पडत नाही." वर्षाचे २२० युरो. सगळे कुरकुरतात, सगळे भरतात.

त्या पैशांतून रात्री आठला 'टागेसशाऊ' हे बातमीपत्र लागतं, १९५२ पासून चालू आहे. पंधरा मिनिटं. एक माणूस कागदावरचं वाचतो, भुवईसुद्धा उचलत नाही. माझी बायको त्याला पोस्टमन म्हणते. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाला संघराज्याकडून वर्षाला साधारण साडेत्रेपन्न कोटी डॉलर मिळायचे. डोक्यामागे भागा, दीड डॉलरच्या आसपास येतात. २०२५ च्या जुलैत काँग्रेसने पुढच्या दोन वर्षांचे ११० कोटीही काढून घेतले. दीड डॉलरला कॉफी येत नाही, आणि पोस्टमन कुठून येणार?

तरी मला टीव्हीपेक्षा मतपत्रिका महत्त्वाची वाटते. आमच्याकडे दोन मतं असतात, एक उमेदवाराला, एक पक्षाला, आणि जागा मुख्यतः दुसऱ्या मताच्या प्रमाणात. निवडणुकीआधी 'वाल-ओ-माट' नावाचं सरकारी खेळणं येतं. अडतीस विधानं, प्रत्येकाला हो, नाही किंवा तटस्थ. शेवटी कुठल्या पक्षाशी तुमचं किती टक्के जुळतं ते दिसतं. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे करतात. माझा एक सहकारी पक्का ख्रिश्चन डेमोक्रॅट, त्याचं ग्रीन पक्षाशीही साठाच्या वर जुळलं. दिवसभर बिचाऱ्याची चेष्टा. पण बघा, 'किती टक्के' हा प्रश्नच अमेरिकेत विचारता येत नाही. तिथे शंभर नाहीतर शून्य.

शिवाय इथे निवडणुकीत ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच मांडीला मांडी लावून बसावं लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅटांचे नेते मेर्त्स यांनी सोशल डेमोक्रॅटांना पाडलं, आणि मे महिन्यात त्यांनाच बरोबर घेऊन चॅन्सेलर झाले. पुरतं भांडून ठेवणं परवडतच नाही.

@मिठाचा_खडा यांचा मुद्दा खोटा नाही. इथेही एएफडी हा कडवा उजवा पक्ष २०.८ टक्के घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्याच्याशी युती करायची नाही अशी बाकीच्यांनी भिंत घातली आहे. त्या भिंतीपलीकडचा मतदार 'आम्हाला वाळीत टाकलं' म्हणतो तेव्हा तुमच्या गणपतीची आठवण होते.

---

बटाटेपोहे

@रेखांश, शंभर-शून्यवरून प्रायमरी आठवली, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची पक्षाच्या आतली निवडणूक. इथल्या बहुतेक मतदारसंघांत नोव्हेंबरची निवडणूक नुसती नावाची असते. जागा कुठल्या पक्षाची ते आधीच ठरलेलं, खरी मारामारी पक्षाच्या आत. आपलं बेळगावचं उदाहरण घ्या. श्री ठाणेदार २०२२ साली डेट्रॉइटकडच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ जणांच्या गर्दीत उभे राहिले आणि साधारण अठ्ठावीस टक्के मतांवर जिंकले. तिथेच ते खासदार झाल्यात जमा होते. मला अभिमानच आहे, पण गणित बघा. प्रायमरीला जातात कोण? ज्यांच्या अंगात आलेलं असतं ते. २०१४ साली व्हर्जिनियात एरिक कँटर, सभागृहातले रिपब्लिकनांचे बहुमताचे नेते, एका अनोळखी प्राध्यापकाकडून प्रायमरीत हरले. त्यानंतर समोरच्या पक्षाशी हात मिळवायला कोण धजेल?

आणि माझ्यासारख्या बिनपक्षाच्या माणसाला पेनसिल्वेनियात प्रायमरीत मतच नाही. शहाणपणा करून 'कुठलाच नाही' लिहिलं, आणि जिथे खरं ठरतं त्या खोलीबाहेर चपला सांभाळत बसलो.

---

खडीसाखर

मी डब्लिनला असते. सहसा वाचनमात्र, पण बेळगावचं नाव आलं म्हणून लिहिते.

सविता हलप्पनवार बेळगावच्याच. दंतवैद्य, एकतीस वर्षांच्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेत सतरा आठवड्यांची गरोदर असताना गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं. त्यांनी गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर नाही, असं सांगण्यात आलं. रक्तात संसर्ग पसरून त्या गेल्या. १९८३ साली जनमताने राज्यघटनेत घातलेल्या आठव्या दुरुस्तीने आई आणि गर्भ यांच्या जिवाला समान हक्क दिला होता.

हा देश किती कॅथलिक, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळी सहाला टीव्हीवर अजून चर्चची घंटा वाजते. गर्भपात हा विषय अमेरिकेत पन्नास वर्षं लोकांना चिरतो आहे. १९७३ साली न्यायाधीशांनी हक्क दिला, २०२२ साली न्यायाधीशांनीच काढून घेतला. मग तोच विषय इथे कसा मिटला?

२०१६ साली सरकारने या विषयावर विचार करायला नव्याण्णव सामान्य माणसं निवडली. वय, प्रांत, स्त्री-पुरुष यांचं प्रमाण राखून, पण चिठ्ठी टाकल्यासारखी. त्यांच्यावर अध्यक्ष म्हणून एक न्यायमूर्ती. पाच शनिवार-रविवार डब्लिनजवळ मालाहाइडच्या एका हॉटेलात ते गोल टेबलांवर बसले. डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, दोन्ही बाजूंच्या बायका ऐकल्या. बाहेर प्रक्षेपण चालू होतं. मी एक रविवार भाजी निवडत त्यातला बराच भाग पाहिला. इतकं कंटाळवाणं की बास! कुणी कुणाचं बोलणं तोडेना. एका बाईंनी प्रश्न विचारायला हात वर केला आणि पाळी येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग आठवी दुरुस्ती काढायची का, यावर २०१८ चं सार्वमत. खांबाखांबांवर 'हो' आणि 'नाही'ची पोस्टरं, एकाच खांबावर दोन्ही. टीव्ही-रेडिओवर राजकीय जाहिरातींना इथे बंदीच आहे. मतदानाआधी दोनेक आठवडे गूगलने या विषयाच्या सगळ्या जाहिराती थांबवल्या, फेसबुकने परदेशातून येणाऱ्या. पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्यांचं स्वतःचं मत पूर्वी उलट होतं आणि ते बदललं, हे त्यांनी उघड सांगितलं. अमेरिकेत असं बोलून कोण प्रायमरीतून सुटेल?

मला तेव्हा मताचा हक्क नव्हता. २५ मेला मी पोर्टोबेलोतल्या भिंतीवर सविताचं चित्र होतं तिकडे गेले. लोक त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होते. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच शब्द, 'सॉरी'. निकाल ६६.४ टक्के 'हो'. एकटी डोनेगल काउंटी 'नाही'. आमच्या मजल्यावरच्या आजी 'नाही'च्या प्रचारात होत्या, पत्रकं वाटायच्या. सोमवारी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या गावाजवळची होती ना ती?" आणि मग पावसाबद्दल बोलायला लागल्या.

---

तिसरी_घंटा

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

---

वाळूचं_घड्याळ

खडीसाखर, फार छान लिहिलंत. पण सार्वमताचं औषध सगळ्यांना लागू पडत नाही हो. मी लीड्सला. २०१६ साली ब्रेक्झिटच्या सार्वमतात आमच्या शहरात ५०.३ टक्के 'राहा'वाले, देशात ५१.९ टक्के 'निघा'वाले. तोपर्यंत माझ्या ऑफिसात कुणी युरोपीय संघाबद्दल तावातावाने बोलल्याचं आठवत नाही. नंतर मात्र लीव्हर आणि रिमेनर या दोन जाती झाल्या, आणि आमच्या घरमालकाने आपल्या सख्ख्या भावाच्या वाढदिवसाला जाणं सोडलं.

ब्रिटनमध्ये टीव्हीला निःपक्षपातीपणाचा नियम आहे, राजकीय जाहिराती बंद आहेत, बीबीसी आहे. सगळं असून हे झालं, कारण वृत्तपत्रांना तो नियम नाही, आणि युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो असा आकडा रंगवलेल्या 'निघा'वाल्यांच्या त्या लाल बसला तर नाहीच नाही.

---

खडीसाखर

मान्य. एक फरक सांगते. आमच्याकडे 'हो' जिंकलं तर कायदा काय येणार, त्याचा आराखडा मतदानाआधीच प्रसिद्ध झाला होता. तुमच्याकडे 'निघा' म्हणजे कुठे निघा, हे कुणीच लिहून दिलं नव्हतं.

---

मिठाचा_खडा

खडीसाखरताईंचं वाचून माझा राग जरा उतरला, म्हणून एक माझ्या बाजूचंही सांगतो. २०२२ साली मी नोकरीसाठी कॅन्सासला होतो, ओव्हरलँड पार्कला. पक्कं रिपब्लिकन राज्य. ऑगस्टमध्ये राज्याच्या घटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढायचं का, असा थेट प्रश्न मतपत्रिकेवर आला. ५९ टक्के लोक 'काढू नका' म्हणाले. आमच्या शेजारणीच्या अंगणात तोवर दरवेळी रिपब्लिकन पाट्या असायच्या. ती मला म्हणाली, "हा सरकारचा विषयच नाही." त्याच नोव्हेंबरात राज्याने रिपब्लिकन सिनेटर जेरी मोरन यांना परत पाठवलं, आणि २०२४ ला ट्रम्पना मत दिलं. मिझुरीने तर २०२४ ला एकाच दिवशी ट्रम्पना मत दिलं आणि गर्भपाताचा हक्कही परत आणला.

सांगायचं काय, तर आम्ही टीव्हीवर दिसतो तेवढे एकसुरी नाही. प्रश्न विचारलात तर उत्तर वेगळं मिळतं, पक्ष विचारलात तर वेगळं. तुम्ही लोक मात्र पक्षच विचारता. त्या मैत्रिणीच्या मुलीलाही हेच सांगा.

---

जुनाजाणता

+१. दोनदा लिहिलं असतं, पण मी डेमोक्रॅट म्हणून नोंदलेलो आहे.

---

बटाटेपोहे

सगळ्यांचे आभार. दिवाळीच्या फराळाला ती मैत्रीण परत भेटली, म्हणून थोडं अपडेट. मिठाचा_खडा यांचं म्हणणं मी तिच्या लेकीपर्यंत पोचवलं. लेक म्हणाली, "ठीक आहे, पक्ष नाही विचारणार." भेंड्यांकडे गेलेल्या त्या काकांच्या मुलालाही ती भेटली म्हणे, कॉफीला. दीड तास बसले. त्याने भाड्याच्या घरांबद्दल, इमिग्रेशनबद्दल, सगळ्यावर तिच्याशी वाद घातला. तिला मजा आली.

नंतर दुसऱ्या एका मुलाला भेटली. चांगला इंजिनिअर, नम्र. कुठल्याही विषयावर काही विचारलं की "मी राजकारणात पडत नाही, नोंदणीसुद्धा बिनपक्षाची आहे." त्याला तिने दुसऱ्या दिवशीच नकार कळवला. कारण विचारलं तर आईला म्हणाली, "तो काहीतरी लपवतोय."

मी तिथेच चकली खात उभा होतो. बायको माझ्याकडे बघून हसत होती.